दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ : या दोघांचं गणित जुळत का नाही?

चांदणवाट
न्यूयॉर्क ते लंडन हवाई अंतर साधारण ५,५४० किमी. तिकिटावर न्यूयॉर्कहून लंडनला जायला सात तासांच्या आसपास वेळ दाखवतात, आणि लंडनहून परत यायला आठ तासांच्या आसपास. अंतर तेच, विमानही त्याच जातीचं. मग हा एक तास कुठे जातो?

दुसरं असं, की विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरून भागाकार केला तर सहा तास दहा मिनिटं येतात. म्हणजे दोन्ही वेळा या उत्तरापेक्षा जास्तच आहेत. आणि आसनासमोरच्या पडद्यावर मार्ग बघावा तर तो सरळ नाहीच, चांगला कमानीसारखा वर जाऊन खाली येतो. सरळ रस्ता सोडून विमान वाकड्या वाटेने का जातं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. "वाऱ्यामुळे" एवढं एका शब्दातलं उत्तर मला माहीत आहे. वारा नेमकं काय करतो आणि वाऱ्याखेरीज आणखी काय काय असतं, ते समजून घ्यायचं आहे.

त्रिज्या
कमानीपासून सुरुवात करते, कारण अंतर कोणतं मोजायचं ते आधी ठरलं पाहिजे.

पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच आहे असं वर्तुळ. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, पण इतर अक्षवृत्तं तशी नाहीत. आपण ज्या नकाशांवर वाढलो त्यांतले बरेचसे मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचे. त्यात ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट वाकडी दिसते आणि लांबची सरळ.

याला माद्रिद आणि न्यूयॉर्क ही जोडी फार छान आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, साधारण ४०.५ अंश उत्तर. रेखांशांत फरक ७०.३ अंशांचा. आता सरळ पश्चिमेला, त्याच अक्षवृत्तावरून गेलं तर? एका रेखांशाचं अंतर विषुववृत्तावर १११.३ किमी असतं, ४०.५ अंशांवर ते ०.७६ पट होतं. गुणाकार केला की ५,९५० किमीच्या आसपास येतं.

बृहद्वृत्ताने : रेखांशांतल्या फरकाच्या निम्मे ३५.१५ अंश, त्याची ज्या (साइन) ०.५७६. तिला अक्षांशाच्या कोज्येने (कोसाइनने), म्हणजे ०.७६ ने गुणलं की ०.४३८. ज्याची ज्या ०.४३८ आहे तो कोन साधारण २६ अंशांचा, दुप्पट केला की ५१.९. एका अंशाला १११.२ किमी धरले तर सुमारे ५,७७० किमी.

म्हणजे १८० किमी वाचले, आणि त्यासाठी विमान वाटेत ४६ अंश उत्तरेपर्यंत चढतं. पश्चिमेच्या शहराला जायचं असूनही निघताना तोंड वायव्येला! (अक्षांश वेगवेगळे असतील तर हॅव्हरसाइनचं सूत्र वापरायचं. तत्त्व हेच, एक पद वाढतं.)

दक्षिण गोलार्धात हीच कमान उलटी पडते. सिडनी आणि सँटियागो यांच्यातलं अंतर सुमारे ११,३०० किमी. जवळची वाट ६० अंश दक्षिणेच्याही खाली उतरते, जवळपास अंटार्क्टिकाच्या दारापर्यंत.

रेघोटी
त्रिज्या, सुंदर उदाहरण. मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना हे कधीच सूत्राने सांगत नाही. पृथ्वीगोलावर एका शहरावर दोऱ्याचं टोक धरायचं, दुसऱ्या शहरावर दुसरं, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप जवळची वाट शोधतो. टोकियो आणि न्यूयॉर्क घ्यायला सांगते. दोरा पॅसिफिकच्या मध्यावरून जाईल असं सगळ्यांना वाटत असतं, आणि तो जातो अलास्कावरून. तो क्षण बघण्यासारखा असतो. पुढच्या तासाला मुलं स्वतःच आणखी जोड्या शोधून आणतात.

खटपट्या
एक शंका. दोन ठिकाणी अंतर बघितलं तर दहा-वीस किलोमीटरचा फरक सापडतो. यातलं खरं कुठलं?

त्रिज्या
दोन्ही खरी असू शकतात. पृथ्वी अचूक गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांपाशी ६,३५७. कोणी ६,३७१ ची सरासरी धरून गोलाचं गणित करतं, कोणी लंबगोलाचं. फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा, पण पाच-सहा हजार किलोमीटरवर तो दिसतो.

शिवाय अंतर शहराच्या मध्यापासून मोजलंय की विमानतळापासून? नारिता टोकियोच्या मध्यवस्तीपासून साठेक किलोमीटर दूर आहे. लंडनच्या नावावर तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी असे कितीतरी विमानतळ. आणि आकडा किलोमीटर, मैल की सागरी मैलांत आहे तेही बघा. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. वैमानिक आणि नियंत्रक अंतर-वेगाचा बहुतेक व्यवहार सागरी मैल आणि नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल) करतात.

वातचक्र
आता वाऱ्याकडे वळू.

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या सापेक्ष असतो. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. लांब पल्ल्याची विमानं त्याच्या ०.८५ पट, म्हणजे ताशी ९०० च्या आसपास उडतात. पण ती हवाच जर पळत असेल तर?

ती पळतेच. ध्रुवाकडची थंड हवा आणि उष्ण कटिबंधाकडची गरम हवा यांच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. हे जेट प्रवाह. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी १००-२०० किमी हा नेहमीचा वेग, कधी ३५० च्या पुढे. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो तसा त्यांचा जोरही वाढतो.

शाळेत आपण नाव आणि प्रवाहाची गणितं सोडवली आहेत, हे हुबेहूब तेच. विमानाचा वेग ९००, वारा १५०. पूर्वेला जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग १,०५०, पश्चिमेला ७५०. अंतर ५,५०० किमी धरू. जाताना ५ तास १४ मिनिटं, येताना ७ तास २० मिनिटं. प्रत्यक्षात एवढी तफावत रोज पडत नाही, कारण समोरच्या वाऱ्याचा पट्टा टाळून मार्ग आखतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. सियारा वादळामुळे जेट प्रवाह भलताच जोरात होता आणि जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. बातम्या वाचून अनेकांना वाटलं की विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला. तसं नाही. हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, भोवतालची हवाच त्याला वाहून नेत होती. ध्वनीच्या वेगापलीकडे खरोखर गेलेलं विमान कॉन्कॉर्ड. त्याचा या मार्गावरचा विक्रम २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचा, फेब्रुवारी १९९६ मधला.

आणि एका माणसाचं नाव इथे घेतलंच पाहिजे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची पद्धतशीर मोजणी केली. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी ते एस्परान्तो या जगभरासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापलं, आणि ते फारसं कोणी वाचलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली तेव्हा तोच वारा त्यांना नव्याने भेटला. इतकं मोलाचं काम इतकी वर्षं पडून राहावं याची खरंच हळहळ वाटते.

चांदणवाट
वातचक्र, मनापासून आभार. ओइशींबद्दल काहीच माहीत नव्हतं. पण एक सांगा, जाताना वाचतं तेवढंच येताना जातं ना? म्हणजे जाऊन-येऊन हिशेब सारखाच?

वातचक्र
नाही, आणि हेच मला या विषयात सगळ्यात आवडतं. वरचेच आकडे घ्या. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १३ मिनिटं. वाऱ्यासह १२ तास ३४ मिनिटं. २१ मिनिटांचा तोटा.

कारण अनुकूल वाऱ्याचा लाभ विमान थोडा वेळ घेतं (लवकर पोचतं ना!) आणि प्रतिकूल वाऱ्याचा मार जास्त वेळ सोसतं. वारा जाताना-येताना सारखाच असेल तर एकूण वेळ नेहमी वाढतोच, कधीच घटत नाही.

पायरीपायरीने
वाचतोय. एक बाळबोध प्रश्न विचारतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली शहर स्वतःच पुढे यायला हवं ना? म्हणजे पश्चिमेचा प्रवास कमी वेळाचा व्हायला पाहिजे होता.

त्रिज्या
प्रश्न बाळबोध नाही, फार जुना आणि चांगला आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमी वेगाने पूर्वेला सरकते, पण तिच्यासोबत वातावरणही फिरतं. धावपट्टीवर उभं असतानाच विमानाला तो वेग मिळालेला असतो, उडाल्यावरही तो जात नाही. परिवलनाचा परिणाम होतो तो आडवळणाने, जेट प्रवाहांची दिशा ठरवून.

पार्किंग_बे_१४
मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स विभागात काम करतो, त्यामुळे तिकिटावरच्या वेळेबद्दल लिहितो.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. चाकांचे ठोकळे काढून विमान गेटवरून मागे सरकलं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत. आमच्याकडे प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदल्या जातात : आउट, ऑफ, ऑन, इन. गेट सोडलं, चाकं उचलली, चाकं टेकली, गेट गाठलं. 'ऑफ' ते 'ऑन' हा हवेतला वेळ. आउट ते ऑफ हा भाग मोठ्या विमानतळावर वीस-पंचवीस मिनिटं सहज खातो, रांग असेल तर जास्त.

हवेत गेल्यावरही लगेच ९०० चा वेग मिळत नाही. अनेक देशांत दहा हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा आहे, म्हणजे ताशी ४६३ किमी. उड्डाण समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून होतं, त्यामुळे जायचंय उत्तरेला आणि धावपट्टी दक्षिणेला असं झालं की आधी वळसा. उतरायची सुरुवात गंतव्यापासून साधारण २०० किमी आधीच होते. पस्तीस हजार फुटांवरून दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा ढोबळ हिशेब असतो. वर गर्दी असेल तर घिरट्या. हीथ्रोसाठी चार ठरलेल्या जागा आहेत, बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन आणि ऑकहॅम. तिथे विमानं एकावर एक थर लावून फिरत राहतात आणि खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली येतं.

म्हणून अंदाजाला मी हे वापरतो : किलोमीटरना ८५० ने भागा, चढ-उतार आणि वळशांचा अर्धा तास मिळवा, जमिनीवरचा आणखी अर्धा तास मिळवा. धागाकर्त्यांचे ५,५४० किमी घ्या. भागाकार साडेसहा तास, मिळवले की साडेसात. त्यांच्या सात आणि आठच्या बरोबर मधोमध. वारा पाठीशी असेल तर अर्धा तास कमी, समोरून असेल तर अर्धा तास जास्त.

अंतर जितकं कमी तितका हा जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वाटा मोठा. तासाभराच्या उड्डाणात अंतराशी वेळेचा संबंध फार सैल असतो. (अपवाद स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतला, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं. छोटं विमान, ना रांग ना घिरट्या.)

खटपट्या
मग कधीकधी विमान अर्धा तास उशिरा निघूनही वेळेवर पोचतं ते कसं?

पार्किंग_बे_१४
वेळापत्रकात मुद्दाम सैलपणा ठेवलेला असतो. मागच्या हंगामांतल्या प्रत्यक्ष वेळा बघून, बहुतेक उड्डाणं त्यात बसतील एवढा ब्लॉक टाइम ठरवतात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते 'वेळेवर' गणण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. वैमानिक वेग थोडा वाढवू शकतो, पण इंधन बरंच जास्त जळतं आणि वेळ थोडाच वाचतो, म्हणून ते जपून करतात.

पोचल्याची वेळ कोणती, यावर कोर्टापर्यंत वाद गेला आहे. युरोपीय न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला की विमानाचा किमान एक दरवाजा उघडतो ती पोचल्याची वेळ. प्रवाशाला उतरता येत नाही तोवर तो पोचला नाही, हा त्यामागचा विचार. मला तो अगदी पटतो.

सीमोल्लंघन
वारा झाला, ब्लॉक टाइम झाला. तिसरी गोष्ट राहिली : आकाशालाही सीमा असतात.

हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किमी. रशियावरून जाताना साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं, आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. शहरं होती तिथेच आहेत. फिनएअर या फिनलंडच्या कंपनीची विमानं कधी दक्षिणेचा वळसा घेतात, कधी थेट उत्तर ध्रुवावरून जातात. गंमत म्हणजे १९८३ मध्ये याच कंपनीने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हाही सोव्हिएत आकाश टाळायला ध्रुवावरूनच वाट काढली होती. त्याआधी बरीचशी युरोप-जपान विमानं अलास्कातल्या अँकोरेजला इंधनासाठी थांबायची. १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकोरेज-टोकियो हा मार्ग सुरू झाला होता.

राजकारण नसलं तरी जमीन आडवी येते. तिबेटच्या पठारावरून मार्ग आखताना फार विचार करावा लागतो. केबिनमधला दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या वर, म्हणजे चौदा-पंधरा हजार फूट. खाली यायला जागाच नाही! प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू सर्वसाधारणपणे पंधरा-वीस मिनिटं पुरतो. म्हणून बहुतेक मार्ग पठार टाळतात.

समुद्रावर वेगळी अट. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे. १९५३ पासून अमेरिकेत दोन इंजिनांच्या विमानांना ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये १२० झाली, पुढे वाढत गेली. आज काही विमानांना ३३० मिनिटं आणि त्याहून जास्तही मिळतात. मर्यादा वाढली तसा मार्ग बृहद्वृत्ताच्या जवळ सरकला आणि वेळ कमी झाला. इंजिनांवरचा विश्वास मिनिटांत मोजायचा झाला तर तो असा मोजता येतो.

वातचक्र
सीमोल्लंघन यांच्या मुद्द्याला जोडून एक उदाहरण, ज्यात अंतर आणि वेळ उलट दिशेला जातात.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून, पूर्वेकडून नेलं. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकची १५,००० च्या वर. हजारेक किलोमीटर जास्त उडूनही प्रवास साडेचौदा तासांत झाला, म्हणजे जवळजवळ दोन तास कमी. जेट प्रवाह पाठीशी होता एवढंच कारण.

उत्तर अटलांटिकवर तर हे रोजचंच आहे. दिवसाचा ओघ पश्चिमेला, रात्रीचा पूर्वेला. वाऱ्याचा अंदाज बघून स्कॉटलंडकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रं समुद्रावरचे मार्ग दररोज नव्याने जाहीर करतात. काल ज्या वाटेने विमान गेलं त्याच वाटेने आज जाईलच असं नाही. त्यामुळे "या दोन शहरांत विमान किती किलोमीटर उडतं" याला एक कायमचं उत्तर नसतंच.

रेघोटी
हे उद्याच वर्गात सांगणार. वाचनखूण साठवली आहे.

पायरीपायरीने
तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करताना मी दर वेळी अडकतो. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी १० ला पोचायचं, हे डोक्यात बसत नाही.

त्रिज्या
दोन्ही वेळा स्थानिक असतात, म्हणून आधी दोन्ही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे : संध्याकाळचे ५ म्हणजे यूटीसी सकाळचे ८. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे : सकाळचे १० म्हणजे यूटीसी संध्याकाळचे ६. आठ ते सहा, दहा तास. झालं. वाटेत तारखेची रेषा लागली याचा वेगळा हिशेब करायचीही गरज नाही. उन्हाळ्यात लॉस एंजेलिस ७ तास मागे असतं, टोकियोत मात्र घड्याळं बदलत नाहीत. तेवढं तारखेनुसार तपासा.

माहेरवाशीण
अगदी कामाचा धागा. आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी येते आहे, मध्ये विमान बदलायचं आहे. दोन विमानांमध्ये सव्वा तास आहे आणि पहिलं विमान पश्चिमेला जाणारं. मागे आमच्या एका नातेवाइकांचं असंच पुढचं विमान चुकलं होतं आणि रात्र विमानतळावर काढावी लागली, त्यामुळे धास्ती वाटते. सव्वा तास पुरेल का?

पार्किंग_बे_१४
ताई, काळजी रास्त आहे. आधी बघा की दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर आहेत का. असतील तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय करणं कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर सव्वा तासावर मुळीच जाऊ नका.

मग त्या उड्डाण क्रमांकाच्या मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या प्रत्यक्ष पोचण्याच्या वेळा उघडून बघा, उड्डाणं दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या मिळतात. सरासरी बघू नका, सगळ्यात उशिरा आलेले चार-पाच दिवस बघा. त्या दिवशी सव्वा तासातून किती उरले असते? विमान थांबल्यावर दार उघडून मागच्या आसनावरचा माणूस बाहेर यायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पुढच्या विमानाचं गेट उड्डाणाआधी बहुधा पंधरा-वीस मिनिटं बंद होतं. ही दोन्ही वजा करा. मधे सुरक्षा तपासणी किंवा टर्मिनल बदल असेल तर तोही. वयस्कर व्यक्ती, पहिलाच एकटीचा प्रवास, समोरून वारा. मी असतो तर तीन तासांच्या आसपासचं पुढचं विमान घेतलं असतं आणि आईंसाठी व्हीलचेअर मदत आत्ताच नोंदवून ठेवली असती. चालता येत असलं तरी. ती मदत घेतली की एका विमानाच्या दारापासून दुसऱ्याच्या दारापर्यंत माणूस सोबत असतो.

माहेरवाशीण
दोन्ही एकाच बुकिंगवर आहेत. मागच्या वेळा आत्ताच बघितल्या, दोन दिवस विमान चाळीस मिनिटं उशिरा आलंय. पुढचं विमान बदलून घेते आणि व्हीलचेअरचं उद्या सकाळी फोन करून सांगते. खूप खूप आभार, दादा.